माणूस आधी, खुर्ची मागून

शेळगावात आक्कांना मदत करायची म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागे. खुर्चीचं चाक उंबऱ्याशी अडलेलं बघून एखादा भला माणूस लगबगीनं पुढे यायचा, खुर्चीच्या पाठीला हात घालायचा, की आक्कांच्या हातातली आकडी त्याच्या छातीवर आडवी व्हायची. झाडावरचे पेरू उतरवायला लांब काठीच्या टोकाला लोखंडी आकडा बसवतात, ती आकडी. ती त्यांच्या मांडीवर दिवसभर असे.

"आदी इचार."

"काय इचारू, आक्का?"

"ढकलू का म्हून इचार."

"ढकलू का?"

"नगं."

आणि मग चाकं जराशी मागे घेऊन, दोन्ही हातांनी जोर लावून आक्का स्वतःच उंबरा चढायच्या. तात्यांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना मातीचा उतार थापून दिला होता. तो माणूस तोंडात मारल्यासारखा उभा राहायचा. कधीकधी मात्र आक्का "ढकल" म्हणायच्या, आणि मग सरळ विहिरीपर्यंत ढकलत न्यायला लावायच्या. पोचल्यावर आभार वगैरे काही नाही. "बरं झालं, तुजंबी अंग मोकळं झालं," एवढंच.

मी त्या वेळी शेळगावच्या शाळेत नवीन मास्तरीण होते. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. आक्कांनी आपल्या घराची पुढची खोली दिली. "हितं ऱ्हावा, बाई. मी कुटं जात न्हाय, तवा घराला कुलूप लागायची भीती न्हाय," असं म्हणाल्या आणि स्वतःच मोठ्यांदा हसल्या. मला हसावं की नाही ते कळेना. पुढे कळलं. हसायचं असतं. न हसणाऱ्या माणसांचा आक्कांना कंटाळा होता, आणि त्यांना 'बिचारी' म्हणणाऱ्यांचा तर संताप. तो संताप त्यांच्याकडून मला लागला आणि अजून गेलेला नाही. कुणी कुणाला बिचारा म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं.

त्यांचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं. एका उन्हाळ्यात धाब्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. वावटळ आली, मिरच्या उडायला लागल्या, आक्का त्या सावरायला धावल्या आणि मागे सरता सरता कडेवरून अंगणात पाठीवर पडल्या. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कितीतरी महिने काढले. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. हे सगळं मी येण्याच्या आधीचं. आक्का ती गोष्ट सांगायच्या तेव्हा शेवटी म्हणायच्या, "मिरच्या मातूर सगळ्या गावल्या."

खुर्ची बारामतीत करून घेतलेली. पाठीला वेत विणलेली साधी हाताची खुर्ची, तिला दोन बाजूंना सायकलची चाकं आणि पुढे एक लहान लोखंडी चाक. ती करायला आक्का स्वतः बैलगाडीतून बारामतीला गेल्या होत्या. सुतार गाडीपाशी आला आणि तात्यांना विचारू लागला, बाईंना उंची किती लागंल, बाईंना हात टेकायला हवं का, बाई दिवसातून किती बसतील. आक्कांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग गाडीतून आकडी लांबवून त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. "बसनार कोन? हे का मी?" सुतार चपापला. त्यानंतर त्यानं जे विचारलं ते आक्कांना विचारलं. खुर्ची अशी झाली की तिच्यातून आक्का हाताच्या जोरावर बाजेवर, बाजेवरून जोत्यावर आणि जोत्यावरून बैलगाडीत जाऊ शकायच्या. सगळीकडे पद्धत एकच. पाठ त्या बाजूला करायची, हात रोवायचे, आधी बूड सरकवायचं आणि पाय शेवटी. पाय त्या लुगड्याच्या सोग्यानं धरून स्वतः उचलून ठेवायच्या, आपलंच गाठोडं मागून घ्यावं तशा.

माल बारामतीच्या बाजाराला निघायचा त्या दिवशी अंगणात वांग्यांचे ढीग पडत आणि ढिगांच्या मधोमध आक्का. कुठलं वांगं कुठल्या पाटीत जाणार हे त्या आकडीनं दाखवायच्या. एखाद्या गड्यानं किडकं वांगं तळाशी दडवलं की आकडी बरोबर त्याच पाटीत शिरायची. "बाजारात नाव तुजं निघत न्हाय, आमचं निघतंय," म्हणायच्या.

तात्या याच्या अगदी उलटे. उंच, रुंद, आवाज मात्र शेजारच्याला ऐकू जाणार नाही असा. आक्का पडल्यापासून ते धास्तावले होते. माणूस घरात चालताबोलता असतो आणि वावटळ येते, एवढंच त्यांच्या मनात बसलं होतं. त्यावर त्यांना एकच उपाय ठाऊक होता, दोर. तात्या सगळं बांधायचे. घागर बांधायची, शिडी बांधायची, कोंबड्यांची खुराडी बांधायची. बैलगाडीत खुर्ची ठेवली की ती गाडीच्या चौकटीला, साट्याला, बांधायची, आणि आक्कांना खुर्चीला. "मी काय पळून चाललीया व्हय?" आक्का विचारायच्या. तात्या गाठ दोनदा ओढून बघायचे. शेतकऱ्याचा जन्म गाडी भरण्यात जातो. जे बांधलं ते राहिलं, जे सुटं ठेवलं ते वाटेत पडलं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

आमच्या शाळेत सव्वीस जानेवारीला झेंडावंदन होतं. आक्कांना मी बोलावलं होतं. खुर्ची फाटकाशी आली आणि तालमीतल्या चार पोरांना पुण्य करायची सुरसुरी आली. त्यांनी एकदम चारी बाजूंनी खुर्ची उचलली, डोक्याच्या उंचीवर घेतली आणि आक्कांना देवाच्या पालखीसारखं मिरवत व्यासपीठापर्यंत आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्कांचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तो सावरायला त्यांना हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. मला तो चेहरा दिसला. खाली ठेवल्यावर त्यांनी आधी पदर घेतला, मग शांतपणे म्हणाल्या, "जितनं उचललं तितं न्हेऊन ठिवा."

"आक्का, आता कशापायी?"

"न्हेऊन ठिवा."

हेडमास्तर घड्याळाकडे बघू लागले. झेंडा तसाच गुंडाळलेला. पोरांनी खुर्ची फाटकाशी नेली. मग त्यांच्यातल्या एकाला अक्कल आली. तो म्हणाला, "आक्का, न्हेऊ का?" आक्का म्हणाल्या, "चला की." आणि चाकांवरून, जमिनीवरून, सगळ्यांच्या बरोबरीनं आल्या. त्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाल्या, "लेकरू हात वर करतंय, मग त्याला उचलत्यात. मी हात वर केलं हुतं का, बाई?" खरंच, उचला म्हणून हात वर केलेल्या आक्का मी कधी पाहिल्या नव्हत्या. एकदाच पाहिल्या, आणि त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

त्यांना एकच लेक, शेवंता. नीरेच्या पलीकडच्या गावात दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, सातव्या महिन्यात माहेरचं माणूस जाऊन लेकीला घेऊन यायचं, ही रीत. तात्या दोनदा जाऊन हात हलवत परत आले. विहीणबाईंचं म्हणणं एकच. आई खुर्चीत बसून, बाप पुरुषमाणूस, लेकीचं बाळंतपण कोण करणार? जावई गरीब स्वभावाचा, आईपुढे तोंड उघडायचा नाही. इकडे सातवा गेला, आठवा गेला. शेवंताचा निरोप आला की पाय सुजलेत, जोडवी काढून ठेवावी लागली, आणि नदीवरून पाणी आणणं अजून चालूच आहे. भाद्रपद लागला होता. गणपती उठले की पितृपंधरवडा, त्यात लेकीला हलवत नाहीत. म्हणजे आत्ता आणली तर आणली.

"मी जाते," आक्का म्हणाल्या.

"नदीला पानी हाय," तात्या म्हणाले.

"म्हून तर नावंनं जायाचं."

गौरी-गणपतीची सुट्टी होती. बरोबर एखादी बाई हवी म्हणून मला नेलं. नीरेवरचा पूल फार लांब, आणि इतका बुटका की पाणी वाढलं की तो नदीतच. म्हणून नावेनं नदी ओलांडायची. पहाटे निघून बैलगाडीनं नदीवर आलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आक्कांनी त्या दिवशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मला गाडीत म्हणाल्या, "मी खुर्चीत ताठ बसूनच पलीकडं उतरनार बगा, बाई. मला बगूनच त्यांनी लेक धाडली पायजे." त्यांच्या मनात ते चित्र पक्कं होतं.

ते चित्र धोंडीबा नावाड्यानं पुसलं. त्याची नाव लहान, माणसं दाटीवाटीनं बसली तर कशीबशी मावणारी. तात्यांनी तोवर दोर काढलाच होता. आक्कांसकट खुर्ची नावेत मधोमध ठेवायची, खुर्ची नावेच्या फळीला बांधायची आणि आक्कांना खुर्चीला. गाडीत करायचे तेच.

धोंडीबानं दोराकडे बघितलं. "हे काय?"

"पडाय नगं म्हून."

"तात्या, गाडी उलटली तर बांदलेलं मानूस वाचत असंल. नाव उलटली तर सुटं मानूस वर येतं. खुर्चीला बांदलेलं येत न्हाय."

तात्यांचा चेहरा असा झाला की मला तिकडे बघवेना. दोर त्यांच्या हातातच राहिला. "मग मी तिला धरून बसतो," ते म्हणाले.

"धरायचंबी न्हाय. एकमेकाला धरलं तर दोगं जाताल. धरायचं तर नावंच्या काठाला." मग धोंडीबा आक्कांकडे वळला. त्यानं आक्कांनाच विचारलं हे मला आवडलं. "आक्का, खुर्चीत बसलासा तर नाव डोईजड हुईल. तळाशी बसावं लागंल. मानूस आदी, खुर्ची मागनं."

आक्का पाण्याकडे बघत राहिल्या. पलीकडच्या काठावर बाभळी आणि त्यांच्यामागे विहीणबाईंच्या गावाचा देवळाचा कळस दिसत होता. खुर्चीत ताठ बसून उतरणं त्यांनी तिथेच सोडून दिलं. ते सोपं गेलं नाही. मग म्हणाल्या, "बरं. पर चढायचं कसं ते मी सांगनार. तुज्या नावंचं तू सांग, माज्या अंगाचं मी सांगते."

आणि त्या दोघांनी ते ठरवलं. काठाशी एक सपाट खडक होता. धोंडीबानं नाव खडकाला आडवी लावली. एका टोकाला मांडीभर पाण्यात तो उभा राहिला, दुसऱ्या टोकाला तात्या. मला आधी नावेत पलीकडच्या कडेला, खाली बसवलं, म्हणजे आक्का इकडून आल्या की नाव कलायची नाही. तळाशी पाचट भरलेलं पोतं अंथरलं. खुर्ची खडकावर आणून चाकांना दगडांची उटी लावली. आक्का खुर्चीतून खडकावरच्या घोंगडीवर उतरल्या, पाठ नावेकडे केली, एक हात खडकावर, एक नावेच्या काठावर. "हालवू नगा आता," म्हणाल्या, आणि श्वास धरून सरकल्या. नाव कुरकुरली. पुन्हा सरकल्या. पोत्यावर बसल्या आणि मग सोग्यानं धरून एक पाय आत घेतला, मग दुसरा. कुणी त्यांना हात लावला नाही. तात्यांच्या मानेच्या शिरा मात्र ताठ झाल्या होत्या.

तेवढ्यात धोंडीबानं काठावरच्या आपल्या झोपडीतून वाळलेल्या भोपळ्यांची जोडी आणली. पोरं पोहायला शिकताना बांधतात ती. "बांदायचंच आसंल तर हे बांदा," तो तात्यांना म्हणाला.

"ह्या वयात मला भोपळं?" आक्का म्हणाल्या. पण तात्या तोवर पुढे झाले होते. काही न विचारता त्यांनी भोपळे आक्कांच्या पाठीशी लावले, काखांखालून दोरी घातली आणि छातीवर गाठ मारली. आक्कांनी हात काही वर केले नाहीत. कोपरं जराशी बाजूला घेतली, जितकी नाइलाजानं घ्यावी लागतात तितकीच. गाठ दोनदा ओढून बघितल्यावर तात्यांचा जीव थाऱ्यावर आला. त्यांना काहीतरी बांधायला मिळालं होतं.

पहिल्या खेपेला आक्का आणि मी गेलो. दुसऱ्या खेपेला तात्या आणि खुर्ची यायची होती. पण त्या मधल्या वेळात व्हायचं तेच झालं. विहीणबाईंना कुणीतरी वर्दी दिली आणि त्या अर्ध्या गावाला घेऊन काठावर आल्या. आक्का तेव्हा चिखलात घोंगडीवर बसलेल्या, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पाठीवर भोपळे. जावई पाया पडावं की उचलावं या घोटाळ्यात वाकून उभा. मागे शेवंता, तोंड सुजलेलं, आईला बघून रडायला लागलेली.

विहीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवो विहीणबाई, तुमालाच उतरवाय एवडी मानसं लागली. बाळतिनीजवळ कोन बसनार?"

आक्कांनी मान वर केली. "मी बसनार. बसायचं काम माज्याएवडं कुनाला जमतंय?"

लोक हसले. विहीणबाईंनाही हसू आलं, आणि हसल्यावर त्यांना पुन्हा कडक होता येईना. "आन आमी चिखलातनं आलो," आक्का म्हणाल्या. "तुमी धडक्या पायानं कितींदा आलासा पलीकडं?" विहीणबाई आम्हांला घरी घेऊन गेल्या, आणि दुसऱ्या खेपेला तात्या आणि खुर्चीही आली. जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी स्वतः शेवंताची ओटी भरली. "पितरं लागायच्या आदी न्या," म्हणाल्या. आक्का जिंकल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी पंगतीत दोनदा भाजी मागून घेतली.

परत काठावर आलो तर पाण्याचा रंग बदललेला. आमच्याकडे पाऊस नव्हता, पण वर घाटाकडे कोसळत असणार. काटक्या, पाचोळा, फेस वाहून येत होता. "वरनं पानी येतंय," धोंडीबा म्हणाला. "पटापट चला. मानूस आदी."

"शेवंता मानूसच हाय की," आक्का म्हणाल्या. "तिला आदी न्हे. संगं हे जातील. आन खुर्चीबी न्हे, आडवी टाकून."

"खुर्ची मागनं, आक्का."

"मला पलीकडं पुन्ना चिखलात बसायचं न्हाय. खुर्ची आदी जाऊ दे. मी उतरले की खुर्चीत बसनार."

धोंडीबानं वाद घातला नाही. पाणी बघत वाद घालायला वेळ नव्हता. खुर्ची नावेच्या तळाशी आडवी टाकली, शेवंता तिच्याशेजारी बसली, तात्यांनी भोपळे तिला बांधले. नाव निघाली. बरीच खाली वाहत जाऊन ती पलीकडे लागली, आणि तोवर आमच्या काठाचा, नाव लावायचा खडक पाण्याखाली गेला होता. आम्ही नाव परत येण्याची वाट बघत होतो. मग दिसलं की धोंडीबा आणि तात्या ती ओढून वर बाभळीपाशी नेताहेत. धोंडीबानं आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवले. आता नाही.

आक्का जमिनीवर बसल्या होत्या. खुर्ची पलीकडे, लेक पलीकडे. पलीकडे तात्या नुसते उभे. गाडीकडे जाईनात, आमच्याकडे बघत उभे. हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं. आक्कांनी आकडी उचलली, दोन्ही हातांनी उंच धरली आणि टोक गाडीकडे केलं. जा. तात्या हलेनात. पुन्हा गाडीकडे केलं. घरी जा, तिला ने. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी तात्यांनी शेवंताला गाडीत बसवलं. गाडी वळली तरी आकडी खाली आली नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर आली.

पुढचे दिवस आम्ही विहीणबाईंच्या घरी काढले. शाळा उघडली असणार, मी अडकलेली. पाणी उतरेना. खुर्चीवाचून आक्का म्हणजे काय हे मी तिथे पाहिलं. ओसरीवरून न्हाणीपर्यंत जायचं तर घोंगडीवर बसून हातांनी सरकत जायच्या. आकडी बाजूला पडलेली असायची. हसणं बंद झालं होतं. पहिल्या दिवशी विहीणबाईंनी त्यांना मागून बगलेत हात घालून उचललं. आक्का हळूच म्हणाल्या, "आदी इचारा, विहीणबाई." आवाजात नेहमीची धार नव्हती, विनवणी होती, आणि ती मला सहन झाली नाही. विहीणबाई थबकल्या. मग म्हणाल्या, "उचलू का?" आक्कांनी मान हलवली. त्यानंतर त्या बाईनं प्रत्येक वेळी विचारलं. स्वतःच्या हातानं त्यांना आंघोळ घातली, पाठ चोळली. वाईट नव्हती ती बाई. तिलाही भीतीच होती, आणि भीतीपोटी ती टोचून बोलायची.

दिवसभर आक्का काठावरच्या बाभळीखाली बसायच्या. जावई उचलून आणायचा, विचारून. "आता सुरू झालं असंल का वो, बाई?" मला विचारायच्या. मी म्हणायचे, अजून वेळ आहे. "पाय लई सुजलं हुतं तिचं. बगितलं ना तुमी?" मी हो म्हणायचे. शेळगावची सुईण कशी आहे हे मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. चांगली आहे, पण म्हातारी झाली, डोळ्यांना कमी दिसतं. "हे तर गड्यासारखं भाईर बसून दोर वळत बसतील," म्हणायच्या, आणि एकदा तसं म्हणता म्हणता रडल्या.

मग एका सकाळी पाणी उतरलेलं दिसलं आणि खडकाचं डोकं वर आलं. पलीकडून नाव निघाली. आक्कांनी डोळ्यांवर हात धरला. नावेत धोंडीबा आणि तात्या. खुर्ची नव्हती, ती पलीकडे गाडीशी उभी दिसत होती. विहीणबाईही धावत आल्या. नातू झाला की माहेरची माणसं साखर घेऊन येतात. तात्यांच्या हातात फक्त भोपळे होते.

नाव खडकाला लागली. तात्या उतरले आणि आक्कांसमोर येऊन खाली बसले.

"शेवंता?" आक्कांनी विचारलं.

"हाय. निजून हाय. काल पेज घेतली."

"आन लेकरू?"

तात्या पाण्याकडे बघत राहिले. "पोरगा हुता," ते म्हणाले. "रडलाच न्हाय."

मागे विहीणबाईंनी तोंडात पदर कोंबला. आक्का रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी असते तर?"

"सुईन म्हनली, कुनीबी असतं तरी..."

"सुईनीला न्हाय इचारलं. तुमाला इचारलं."

तात्या खोटं बोलू शकले असते. कुणीही बोललं असतं. "मला ठावं न्हाय," ते म्हणाले.

आक्का तशाच नावेपर्यंत सरकत गेल्या. नावेच्या एका टोकाला धोंडीबा होता. दुसऱ्या टोकाला विहीणबाई पाण्यात उतरल्या, लुगड्यासकट, आणि नावेचा काठ दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. मी पलीकडच्या कडेला बसणार होते, पण जावई म्हणाला मी बसतो, म्हणून मी काठावरच राहिले. मला दुसऱ्या खेपेला यायचं होतं. आक्कांनी पाठ केली, हात रोवले, आत सरकल्या, पाय घेतले. नावेच्या तळाशी त्या इतक्या लहान दिसत होत्या.

तात्या भोपळे घेऊन पुढे झाले.

"भोपळं नगं," आक्का म्हणाल्या.

"का?"

"नगं म्हनलं ना. ऱ्हाऊ द्या मला तशीच."

मी ते ऐकलं. तात्यांनीही ऐकलं. आयुष्यभर हा माणूस बांधत आला होता, न विचारता. आता त्यांनी भोपळे हातात धरले, मांडीभर पाण्यात नावेला लागून उभे राहिले, आणि त्या कधी कुणाला ऐकू न येणाऱ्या आवाजात म्हणाले, "बांदू का?"

पाणी नावेला थापट्या मारत होतं. धोंडीबा नेहमी घाई करणारा, तोही नाव धरून थांबला. तात्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि हातही लावला नाही. भोपळे धरून नुसते उभे राहिले. मला वाटलं आता ते असेच दिवसभर उभे राहतील आणि आम्ही सगळे असेच उभे राहू.

मग आक्कांनी दोन्ही हात वर केले.